मदत हवी आहे: खाजगी अनुदानित शाळेला सीसीटीव्ही आणि सुरक्षेच्या कामांसाठी सरकारी निधी कुठून मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी पुण्यात पेठेतल्या एका जुन्या अनुदानित मराठी शाळेत सहावीत आहे. यंदा पालक-शिक्षक संघात मी आहे आणि सुरक्षेचं काम माझ्याकडे आलंय. दोन महिने खेटे घालतेय, पण पैशांपाशी गाडं अडतंय.

बदलापूरच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले. मुदत एका महिन्याची होती. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासायचं, आणि कॅमेरे नसतील तर अनुदान रोखण्यापासून मान्यता काढून घेण्यापर्यंत कारवाई. निर्णय योग्यच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या शाळेनेही तेव्हा घाईघाईत चार कॅमेरे बसवले.

परवा मोठ्या बाईंबरोबर बसून रेकॉर्डिंग बघितलं. दोन चौकटी काळ्या. तिसऱ्यात जिना दिसायला हवा, तिथे पिंपळाची फांदी. आणि पाच दिवसांच्या मागचं काही सापडतच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ एकाही कॅमेऱ्यात येत नाही. त्याच बोळाच्या टोकाला मागचं फाटक आहे. त्याची कडी तुटलीये, म्हणून ते सुतळीने बांधून ठेवलंय. ती सुतळी बघितल्यापासून मला झोप नाही. माझी मुलगी दिवसातून चार वेळा तिथून जाते.

फाटकावर माणूस ठेवा म्हणाल, तर शिपाईमामा निवृत्त झालेत. डिसेंबर 2020 च्या निर्णयापासून अशा रिकाम्या जागी नवा शिपाई भरत नाहीत, त्याऐवजी शाळेला ठरावीक शिपाई भत्ता. त्या भत्त्यावर आलेल्या मावशी एकट्याच घंटा, पाणी, झाडलोट सांभाळतात. त्यांनी फाटकावर कधी उभं राहायचं?

बिनपैशाचं होतं ते करून टाकलं. तक्रारपेटीला कुलूप लागलं, मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीची बैठक झाली, व्हॅनवाल्या काकांची पोलीस पडताळणी झाली. अग्निशामक सिलिंडर वर्गणी काढून भरून घेतले. आता राहिलं ते मोठं काम: पुरेसे कॅमेरे, महिनाभराचं रेकॉर्डिंग, लोखंडी फाटक आणि तळमजल्यावरचं जुनं वायरिंग. दरपत्रक 3 लाख 10 हजारांचं आलंय. आमच्याकडचे निम्मे पालक रिक्षा, भाजीची गाडी किंवा धुणीभांडी यांवर घर चालवतात. त्यांच्याकडे पुन्हा वर्गणी मागायला माझी जीभ रेटत नाही.

समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे 10 हजारांपासून 1 लाखापर्यंत मिळतं, पण ते सरकारी आणि पालिका-जिल्हा परिषदेच्या शाळांना. आमचं वेतनेतर अनुदान (पगार सोडून बाकी खर्चाचं) उशिरा येतं आणि वीजबिलातच संपतं. सक्ती सगळ्यांना सारखी, निधीच्या वेळी मात्र आम्ही मधल्यामध्ये. एका कार्यालयात तर अर्ज न वाचताच "संस्थेने बघावं" म्हणाले.

जिल्हा नियोजन समितीच्या किंवा आमदार निधीतून खाजगी अनुदानित शाळेत असं काम झालेलं कुणी पाहिलंय का? प्रस्ताव कुणाच्या सहीने, कुठे द्यावा? कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद 1
ताई, मी 31 वर्षं अनुदानित शाळेत होतो, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक. प्रस्ताव पालक संघाच्या नावाने देऊ नका, तो फाईलला लागत नाही. संस्थेचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), दरपत्रकं आणि त्या बोळाचे फोटो, असं सगळं शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आमदार निधी हवा असेल तर आमदारांचं शिफारसपत्र जिल्हाधिकारी कार्यालयात नियोजन शाखेकडे जातं. कॅमेरे, फाटक आणि वायरिंग यांचे तीन वेगळे प्रस्ताव करा. एक अडला तरी बाकीचे दोन सुटतात.

आणि फाटकाची कडी उद्याच्या उद्या बसवा. त्याला अनुदान लागत नाही.

प्रतिसाद 2
कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा निधीही बघा. चाकण-हिंजवडीच्या कंपन्या शाळांना मदत करतात. पण 1 एप्रिल 2021 पासून पैसे घेणाऱ्या संस्थेची केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागते. जुन्या संस्थांनी ती बरेचदा केलेलीच नसते, आधी कार्यवाहांना विचारा. वायरिंग मात्र कॅमेऱ्यांच्या आधी करा. जुन्या तारांवर नवा भार टाकू नका.

धागाकर्ती
सर, दादा, मनापासून आभार. कार्यवाहांना फोन केला, नोंदणी नाहीये, त्यांनी कागद काढायला घेतलेत. ठरावासाठी शनिवारी बैठक आहे. आज दुपारी लोहाराला घेऊन गेले होते, 450 रुपयांत कडी आणि कोयंडा बसला. किल्ली मावशींकडे आणि एक मोठ्या बाईंच्या टेबलाच्या खणात. जिल्हा नियोजनाबद्दल कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर अजून वाट बघतेय.