आइसलँड : दक्षिण किनाऱ्याला एकच दिवस, सोबत आई. पफिन दिसतील का?

अनु_नागपूर :
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि आई आइसलँडला जातोय. दक्षिण किनाऱ्यासाठी एकच दिवस आहे. रेक्याविकहून गाडी घेऊन सेल्यालांड्सफॉस आणि स्कोगाफॉस हे दोन धबधबे, मग वीक गावाजवळचा काळ्या वाळूचा किनारा, आणि पफिन हे समुद्रपक्षी. आई पासष्टची आहे, गुडघे दुखतात, पण पक्ष्यांचं भारी वेड. अंबाझरीला दुर्बीण गळ्यात घालून जाते. तिला पफिन दाखवायचाच आहे. सकाळी सहाला निघून दुपारपर्यंत सगळं उरकेल का?

भटका_पुणे :
उरकेल. वीक एका बाजूने १९० किमीच्या आत आहे, रस्ता उत्तम. वेग ताशी ९०च्या वर नेऊ नका. आम्ही भर दुपारी वीकजवळच्या दिरहोलाएच्या समुद्रकड्यावर होतो, पफिन मात्र एखाददुसराच दिसला.

सागरवेडी :
अनु, मी रेक्याविकला राहते आणि उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की त्याच रस्त्याला लागते. सहाला निघू नका, दहा-अकराला निघा. दिवसा बरेचसे पफिन मासे धरायला समुद्रावर असतात, संध्याकाळी कड्यावर परततात. जुलैत तिथे रात्री अकराच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे अंधाराची काळजी नाही. दिवस पक्ष्यांच्या वेळेने आखा, धबधबे कधीही बघता येतात.

सेल्यालांड्सफॉस सुमारे ६० मीटर उंच. पाण्याच्या मागून जाणारी वाट ओली, दगडांची आणि निसरडी आहे, तिथे आईंना नेऊ नका. समोरून सपाट वाटेने छान दिसतो. स्कोगाफॉसलाही वर जायचा जिना सोडा, खालीच अगदी जवळ जाता येतं. तिथे आईंना दुर्बीण काढायला सांगा. बाजूच्या कड्यावर फुल्मर हे समुद्रपक्षी बसलेले असतात, पंख ताठ धरून वाऱ्यावर तरंगतात. समुद्रपक्षी इतक्या आत कसे? कारण हे कडे एकेकाळी समुद्रकिनाराच होते. समुद्र मागे हटला, आज तो काही किलोमीटर लांब आहे. नद्या मात्र त्याच जुन्या कड्यावरून उडी घेतात. मला या रस्त्यावर सगळ्यात जास्त हेच आवडतं.

रेनिसफ्याराला, म्हणजे तुमच्या त्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, बेसॉल्टचे खांब बघा, पण पाण्याकडे पाठ करू नका. शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट वर चढते आणि माणसाला ओढून नेते, तिथे लोकांचे जीव गेलेत. इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर वाळूवर उतरायचंच नाही.

मग वीकला जेवून सातनंतर दिरहोलाए. वरचा रस्ता चढाचा आणि खडीचा आहे, आईंसाठी खालचा वाहनतळ बरा. पफिन कड्याच्या माथ्यावर गवतात बिळं खणतो, जोडी वर्षाला एकच अंडं घालते. दोरीच्या अलीकडेच थांबा, कड्याच्या कडेची माती पोखरलेली असते. मी एकदा अगदी जवळून पाहिला : इवलेसे पंख भराभर मारत आला, नारिंगी पाय पुढे पसरून गवतात आदळल्यासारखा उतरला. चोचीत रुपेरी मासोळ्या आडव्या, दोन्हीकडून लोंबत होत्या. क्षणभर मान वळवून इकडेतिकडे पाहिलं आणि बिळात शिरला.

अनु_नागपूर :
केवढी मदत झाली! आईला वाचून दाखवलं, ती विचारतेय की अजून कोणते पक्षी दिसतील? आणि बंद वगैरे नसेल ना?

सागरवेडी :
मे-जूनमध्ये विणीमुळे दिरहोलाएचे काही भाग किंवा काही तास बंद ठेवतात. जुलैत सहसा खुलं असतं, तरी फाटकावरची पाटी वाचा. ऑगस्टच्या उत्तरार्धात पफिन निघून जातात, म्हणजे तुमची वेळ नेमकी आहे. वीकच्या आसपास आर्क्टिक टर्न भेटेल. आईंना आपले सुरय माहीत असतील, त्याच कुळातला. दरवर्षी आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन येतो. घरट्याजवळ गेलात तर थेट डोक्यावर झेपावतो, तेव्हा डोक्याच्या वर काठी उभी धरा, तो सगळ्यात उंच टोकावरच हल्ला करतो.

आणि आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा. पाऊस चालेल. वारा जोरात असेल तर गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, आणि आईंना कड्यावर एकटं सोडायचं नाही.