कासवाला हिव भरलंय की झोप लागलीय?

भुसावळकरीण
नमस्कार मंडळी. दिवाळीला दीर सुरतहून आले ते पोऱ्यासाठी कासव घेऊनच. मला न विचारता आणलंय, हे आधीच सांगून ठेवते. हिरवं, तळहाताएवढं, डोळ्यांमागे लाल पट्टा. नाव आप्पा, कारण बिनदातांच्या तोंडाने कासवखाद्याचे दाणे चावताना थेट आमच्या आजेसासऱ्यांसारखा दिसतो. दीड महिना झकास होता. पेटीजवळ ताटली वाजवली की पोहत पुढे यायचा.

आता आठवडा झाला, काही खात नाही. तळाशी डोळे मिटून पडलेला असतो. हात लावला की पाय आत ओढतो, एवढाच जिवंतपणा. काचेची पेटी गॅलरीत आहे, उत्तरेच्या बाजूला. रात्री पारा 8-9 वर येतोय. जिथून घेतला तिथे दिरांनी फोन केला, तर म्हणे, “कासवं थंडीत झोपतात, फेब्रुवारीत उठेल.” सासूबाई म्हणतात गिझरचं कढत पाणी ओत. झोपू द्यायचं का काही करायचं? पोऱ्या रोज शाळेत जाताना रडतो.

धुळ्याचा पप्पू
झोपू द्या ताई. आमच्या मळ्यातल्या विहिरीत कासव आहे, मी शाळेत होतो तेव्हापासूनचं. त्याला कोणी हीटर लावला?

चोपड्याचा मास्तर
पप्पूभाऊ, त्याला हीटर विहिरीनेच लावलाय. थंडीत पहाटे विहिरीच्या पाण्यातून वाफा निघतात ना? खोल पाणी वर्षभर जवळजवळ सारखंच असतं. गॅलरीतल्या दोन बादल्या पाण्याला तो आधार कुठला!

ताई, लाल पट्टा म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. तिकडे थंड भागात ते तळ्याच्या तळाशी हिवाळा काढतं, हे खोटं नाही. पण थंडी पडत जाते तसं खाणं सोडतं, पोट रिकामं करतं, आणि मग पाणी महिनोन् महिने गारच राहतं. आपल्याकडे पहाटे 8 आणि दुपारी 28. ना धड झोप, ना धड जाग. दुपारी जरा हललं की पोरं दाणे टाकतात, ते खातं, रात्री पाणी गार झालं की पचन थांबतं आणि अन्न पोटातच कुजतं. खान्देशात नुसती थंडी कासवाला मारत नाही, हा रोजचा झोका मारतो.

माझं पहिलं कासव असंच गेलं. मीही आठ दिवस “झोपलंय” म्हणत बसलो. नाकातून बुडबुडे यायचे ते मला गंमत वाटायची, मुलांना बोलावून दाखवायचो. फुप्फुसात संसर्ग होता. आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर म्हशींचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की गुरुजी, कासव आजवर तपासलं नाही. जळगावला नेईपर्यंत उशीर झाला.

तर आज रात्रीच पेटी आतल्या खोलीत घ्या. गरम पाणी मुळीच ओतू नका, एकदम तापलं तर धक्का बसतो. रात्रभर खोलीच्या उबेवर येऊ द्या. उद्या आधी थर्मामीटर आणा, मग हीटर. माशांच्या टाकीचा, लिटरला साधारण एक वॅट या हिशेबाने. 26 वर लावा, पण पाणी दिवसभरात हळूहळू तापलं पाहिजे. आंघोळीचा रॉड चुकूनही नको, शॉक तरी बसेल नाहीतर उकडून निघेल. हीटरची काच कासव धडकून फोडतं, म्हणून भोकं पाडलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा वरून घाला.

पाण्याबाहेर चढून बसायला वीट ठेवा आणि तिच्यावर जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब. विटेवर 30-32 डिग्री आलं की पुरे. एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. शिवाय ऊन हवंच, कवचासाठी. ते खिडकीच्या काचेतून चालत नाही, काच लागणारे किरण अडवते. अकराच्या सुमारास प्लास्टिकच्या टबात थोडं पाणी घेऊन अर्धा तास बाहेर ठेवा, टबाचा अर्धा भाग सावलीत. काचेची पेटी उन्हात ठेवू नका. आपलं डिसेंबरचं ऊनही त्याला शिजवून काढेल.

पाणी दोन दिवस 24 च्या वर टिकेपर्यंत खायला काही नाही. त्यानेही हट्टाने पडूनच राहिलं, पोहताना एका बाजूला कललं, तोंड उघडून श्वास घेतला किंवा डोळे सुजले, तर नेट बघत बसू नका, पक्षी-सरपटणारे बघणारा डॉक्टर गाठा.

रावेरची वहिनी
मास्तर, हे सगळं वीज असेल तेव्हा! आमच्याकडे थंडीत केळीला रात्री पाणी देतात ते याचसाठी, बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. लाइट गेली तर पेटीला तिन्ही बाजूंनी थर्माकोल, वरून गोधडी (थोडी फट ठेवून) आणि कोमट पाण्याच्या बंद बाटल्या पाण्यात सोडायच्या. पहाटेपर्यंत निभतं. पेटीत भरायलाही गच्चीवरच्या टाकीचं पाणी घेऊ नका, ते सकाळी बर्फ असतं.

आणखी एक. लहान पोर आहे, कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायला लावा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा धोका असतो. त्याच कारणाने अमेरिकेत 4 इंचांहून लहान कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे. आणि कंटाळा आला म्हणून तापीत सोडू नका हो. ही परकी कासवं आपल्या कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा बळकावतात. पप्पूभाऊ, तुम्हीही विहिरीतलं काढून आणू नका. देशी कासव घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

धुळ्याचा पप्पू
नाही आणत वहिनी. उद्या दोरीने थर्मामीटर सोडून बघतो मात्र.

भुसावळकरीण
चौथा दिवस. हलवण्याआधी थर्मामीटर लावला होता, पहाटे गॅलरीतल्या पाण्यात 13 होतं. आता 25 वर टिकलंय. बुडबुडे नाहीत, डोळे स्वच्छ. काल दुपारी विटेवर चढला आणि मागचे दोन्ही पाय ताणून असा पसरला की सासूबाईंनी लांबूनच हात जोडले. कढत पाण्याचा विषय बंद.

खाल्लं अजून नाही. आज संध्याकाळी ताटली वाजवली तर मान वळवून बघितलं, आला नाही. उद्या काय देऊ? घरात बाजारातली सुकट आहे.

चोपड्याचा मास्तर
सुकट राहू द्या, मीठ असतं तिच्यात. नेहमीचे दाणे, तेही तीनच, दुपारी एकच्या सुमारास. नाही खाल्ले तर अर्ध्या तासाने काढून घ्या आणि परवा पुन्हा टाका.