अग्निशमन जवानांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा येतो कोठून?

प्रश्न (कसबा बावडा, कोल्हापूर):
माझे वडील एका महापालिकेच्या अग्निशमन दलातून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांना दरमहा निवृत्तिवेतन मिळते. धाकटा भाऊ २०१० मध्ये त्याच दलात फायरमन म्हणून लागला. त्याच्या पगारपत्रकात मात्र एनपीएसची (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची) कपात दिसते. हा पैसा राज्य शासन देते की महापालिका, आणि त्यासाठी वेगळा निधी राखलेला असतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (निवृत्त लेखापाल, शाहूपुरी):
अग्निशमन सेवा ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतील विषय असल्याने तिचा आस्थापना खर्च मुख्यतः महापालिकेच्याच तिजोरीवर पडतो. आपल्या वडिलांना १९८२ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांच्या धर्तीवर, म्हणजे पूर्ण सेवा झाली असल्यास अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्मे आणि त्यावर महागाई भत्ता, असे मिळत असणार. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नेमणूक झालेल्यांना अंशदायी योजना आली, तीच पुढे एनपीएसमध्ये गेली. तीत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो. राज्य शासनाने आपला वाटा एप्रिल २०१९ पासून १४ टक्के केला, पण आपल्या भावाच्या महापालिकेने तो कधीपासून लागू केला, हे तिच्या ठरावातच पाहावे लागेल.
खरी मेख पुढे आहे. जुन्या योजनेच्या लोकांसाठी त्यांच्या उमेदीच्या काळात पैसा बाजूला काढून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी नव्हती, त्यामुळे आजच्या घरफाळ्यातून आणि अनुदानातून कालच्या जवानाचे निवृत्तिवेतन निघते. जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची. कोल्हापुरात २०११ मध्ये जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली आणि २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईचे अनुदान. ते लांबले की पगार आणि निवृत्तिवेतन, दोन्हींची ओढाताण होते.

उत्तर २ (राजारामपुरी):
कंत्राटी जवानांना विसरू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह पेटले, २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी ठोक मानधनावरचा माणूसही तीच जोखीम उचलतो. त्याला वरच्या दोन्ही योजना लागू नाहीत. भविष्य निर्वाह निधीचे पैसे ठेकेदार नियमित भरतो की नाही, यावर त्याचे सगळे अवलंबून, आणि त्या योजनेतले किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. एवढ्यात महिना कसा निघणार!

उत्तर ३ (ताराबाई पार्क):
अमेरिकेत जवानांचा निवृत्तिवेतन निधी बहुधा स्वतंत्र असतो आणि विमागणितज्ञ वेळोवेळी त्यातील तूट मोजतात. इलिनॉय राज्याने बहुतेक शहरांच्या अग्निशमन निधींना २०४० पर्यंत देण्यांच्या ९० टक्के रक्कम जमवण्याचे बंधन घातले आहे. शहरे त्यासाठी मालमत्ता करातून पैसा उभारतात आणि करदाते कुरकुरतात. तूट आकड्यांत दिसली म्हणजे ती भरून निघाली असे नव्हे. २०१३ मध्ये डेट्रॉइट दिवाळखोरीत गेले, तेव्हा पोलीस व अग्निशमन दलाचे मूळ निवृत्तिवेतन वाचले, पण त्यावरची वार्षिक वाढ निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे मात्र तूट किती, हे नागरिकांसमोर येतच नाही, आणि मला तेच जास्त धोक्याचे वाटते.

उत्तर १ ची पुरवणी:
वरील मताशी सहमत आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महसुली खर्चाच्या बाजूला निवृत्तिवेतनाचे शीर्ष असते. मागील तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडून त्याच काळातील घरफाळ्याची प्रत्यक्ष वसुली पाहावी. भावासाठी मात्र आधी प्राण क्रमांकाचे (एनपीएस खात्याच्या क्रमांकाचे) विवरण काढावे आणि पगारातून कापलेली रक्कम व महापालिकेचा हिस्सा, दोन्ही महिनेवारीने जमा आहेत का, हे तपासावे. तफावत आढळल्यास लेखा विभागाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी, कारण उशिरा जमा झालेल्या हप्त्यावरचा परतावा तोंडी मागून मिळत नाही.