शब्दचर्चा: डोंगर सर करणं, टिपणं की नुसतं करणं?

गेल्या रविवारी उत्तर वेल्समधल्या मोएल वामाय या डोंगरावर आमच्या चालण्याच्या गटातल्या एका बाईंचा सहाशेवा डोंगर झाला. त्या सत्तरीला आल्यात. बुल्ख पेनबारासच्या खिंडीतून आम्ही सतरा जण निघालो. माथा दिसू लागल्यावर बाकीचे पुढे गेलो आणि चालायच्या काठ्या उंच धरून त्यांच्यासाठी कमान केली. त्या कमानीखालून त्या सावकाश आल्या, वरच्या पडक्या मनोऱ्याच्या दगडाला तळहात टेकवून क्षणभर थांबल्या आणि मग आमच्याकडे वळल्या. केकचा डबा उघडला तर वाऱ्याने पिठीसाखर सगळी उडाली. दोघांनी रेनकोटचा आडोसा धरला तेव्हा कुठे वरचा 600 हा आकडा शाबूत राहिला. मी नेलेले बेसनाचे लाडू मात्र डबा उघडताच संपले.

वरूनच साताऱ्याला आईला फोन लावला आणि बोलून गेले, "आमच्या मैत्रिणीने सहाशेवा डोंगर जिंकला." आई म्हणाली, "कोणाकडून?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. इंग्रजीत या छंदाला बॅगिंग म्हणतात. म्हणजे शिकाऱ्याने मारलेला पक्षी पिशवीत टाकावा तसा डोंगर पिशवीत टाकायचा. मराठीत काय म्हणावं?

थोडी पार्श्वभूमी सांगते. सर ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये स्कॉटलंडमधल्या 3000 फुटांवरच्या डोंगरांची यादी केली, म्हणून ते डोंगर मन्रो. पुढे 1992 मध्ये ॲलन डॉसन यांनी वेगळी यादी काढली. तिच्यात एकूण उंचीला महत्त्व नाही. डोंगर सुटा हवा, म्हणजे शेजारच्या उंच डोंगराला जोडणाऱ्या खिंडीपासून त्याचा चढ किमान 150 मीटर हवा. मन्रोवरून मर्लिन मन्रो आठवली, म्हणून हे डोंगर झाले मर्लिन. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड मिळून ते दीड हजारांच्या वर आहेत. त्यांतले 600 झाले की नाव मानाच्या यादीत लागतं. मोएल वामाय साडेपाचशे मीटरच्या थोडा वर, पण चांगला सुटा, म्हणून तो मर्लिन. बाईंनी तो मुद्दाम सहाशेव्यासाठी राखून ठेवला होता, कारण गुडघे दुखणाऱ्यांनाही तो झेपतो आणि सगळ्यांना वर येता येतं.

*प्रतिसाद (नाशिकहून):*

ताई, "सर करणे" रूढ आहे, मग अडचण काय? हा सर फारसी, अर्थ डोकं. वेल्शमधल्या पेन याचाही अर्थ डोकंच ना? पेन-इ-वान डोंगर वगैरे?

*मूळ प्रश्न विचारणारी:*

हो दादा, पेन म्हणजे डोकं, माथा. पण सर करणं, पादाक्रांत करणं, फत्ते करणं हे सगळे लढाईचे शब्द. सिंहगड सर केला हे शोभतं, तिथे वर शत्रू होता. मोएल वामायवर मेंढ्या होत्या. नावही बघा: मोएल म्हणजे बोडका डोंगर आणि मामाय म्हणजे आया. संधीत म चा व झाला. आयांचा बोडका डोंगर! कळसूबाईला जाऊन "बाईला जिंकलं" असं आपण म्हणतो का?

*प्रतिसाद (पुण्याहून):*

"टिपणे" घ्या. पक्षी दाणे टिपतो, नेमबाज पाखरू टिपतो, आणि आपण वहीत टिपून ठेवतो. शिकार, वेचणं आणि नोंद, तिन्ही अर्थ एका क्रियापदात आले. यादीचा छंद आहे म्हटल्यावर नोंद हवीच. "खिशात घालणे" सामन्याला ठीक आणि "पदरात पाडणे" म्हटलं की बाजारातली घासाघीस आठवते.

*मूळ प्रश्न विचारणारी:*

टिपणे फार आवडलं. छंदाचं नाव म्हणून "डोंगर टिपणं" मी आजपासून वापरणार.

*प्रतिसाद (ठाण्याहून):*

सोहळ्याला "उद्यापन" म्हणा की. सोळा सोमवारांचं करतात तसं. बोलावणं, गोडधोड, सगळं जुळतंय.

*मूळ प्रश्न विचारणारी:*

काकू, शब्द सुंदर, पण उद्यापन व्रत पुरं झाल्यावर करतात. इथे 600 झाले तरी हजारभर उरलेच. पुरी यादी तर 2014 पर्यंत कोणाचीच झाली नव्हती, कारण तिच्यात स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांजवळ भर समुद्रात उभे असलेले दोन सुळके आहेत. लाटा शांत असल्याशिवाय तिथे होडीतून खडकावर पाय ठेवता येत नाही. त्या साली ऑक्टोबरमध्ये दोघांनी ते केले. त्यांच्यासाठी उद्यापन अगदी चपखल. यादी पुरी होणं इतकं अवघड म्हणूनच 600 ला एवढा मान आहे.

या टप्प्याला "मैलाचा दगड"ही मला नको. आपल्याकडचा मैलाचा दगड पुढचं गाव किती लांब ते सांगतो. इथे झालेले मोजायचेत. आणि "सहाशे भरले" तर नकोच. शंभर भरले म्हटलं की शिशुपाल आठवतो. "टप्पा" पुरे.

*प्रतिसाद (नाशिकहून):*

मग आम्ही ट्रेकवर बोलतो तेच घ्या ना. "किती किल्ले केलेस?" "हरिश्चंद्रगड झाला का?" अष्टविनायक केले, चारधाम केले. यादी असली की मराठी माणूस "करतो".

*मूळ प्रश्न विचारणारी:*

दादा, हेच! शब्द इतका जवळ होता की दिसला नाही. शिवाय "केला" आणि "झाला" यांत फरक आहे. "मी सहाशे केले" यात जोर करणाऱ्यावर. "माझे सहाशे झाले" म्हणताना माणूस मागे सरतो, आणि त्या "माझे"मध्ये ते डोंगर थोडे आपलेही होतात. बाईंच्या वहीत पहिली नोंद 1979 ची आहे. मधली कितीतरी वर्षं एकही नाही, कारण मुलं लहान होती. त्या वहीला "झाले"च शोभतं.

*आठवड्याने पुन्हा:*

आजच्या फेरीत बाईंना कार्ड दिलं. वर देवनागरीत लिहिलं: "सहाशे झाले!" त्यांनी ते मोठ्याने म्हणून दाखवायचा हट्ट धरला, पण "झाले"मधला झ काही येईना. कधी ज, कधी ज़. बाई रुथिनकडच्या, घरी वेल्श बोलणाऱ्या. मग त्यांनी मला त्यांचा दोन एल वाला आवाज म्हणायला लावला. जीभ ल च्या जागी ठेवायची आणि हवा दोन्ही कडांनी फुंकायची. तळ्याला त्या ज्या शब्दाने हाक मारतात तो याच आवाजाने सुरू होतो. गाडीतळ येईपर्यंत माझा ल फुसफुसत होता आणि त्यांचा झ तिसऱ्या खेपेला बराचसा जमला.