घरबसल्या खेळा, पण रेंज कुठून आणू?

फणसाखालचा: काल इथे एका महाशयांनी लिहिलं की टीव्हीवरचा गेम शो आता मोबाईलवरून सोबत खेळता येतो, म्हणजे गुहागरचा पोरगा आणि दादरचा पोरगा एका रांगेत आले. वाचून डोकंच फिरलं. आमच्या वाडीत रेंज येते ती विहिरीजवळच्या फणसाखाली, टीव्ही माजघरात. धाकटी पडवीतून प्रश्न ओरडणार, मी एका हातात छत्री एका हातात फोन धरून बी की सी करतोय तोवर वेळ संपलेली. आणि तो शो, केबीसी म्हणजे 'कौन बनेगा करोडपती', लाईव्ह नसतोच हो, शूटिंग आधीच झालेलं असतं. लाईव्ह काय ते आमचं भिजणं.

दापोलीची सून: मग नका खेळू ना, जबरदस्ती केलीय कुणी? २००० साली पहिल्या सीझनला माझे सासरे एसटीडी बूथवर ताटकळायचे, लाईन एंगेज ती एंगेजच. आज सासूबाई माझ्या फोनवर बोट फिरवतात. सातवी शिकलेली बाई, पण 'गांडीव' ऐकलं की पर्याय यायच्या आत 'अर्जुनाचं गो' म्हणून मोकळ्या. बक्षिसाचं कुणाला पडलंय!

जुना ग्राहक: बक्षिसाचं नसेल, पैशाचं पडलंय ताई. २००७ चा शाहरुखचा सीझन आठवा, घरून उत्तर पाठवा, २ रुपये ४० पैशाला एक एसएमएस. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये चॅनेल आणि मोबाईल कंपनीला १ कोटीचा दंड ठोकला होता.

दापोलीची सून: आणि सुप्रीम कोर्टाने तो २०१९ मध्ये रद्द केला, बक्षीस एसएमएसच्या पैशातून दिल्याचा पुरावा नाही म्हणून. अर्धीच गोष्ट सांगायची खोड बरी नव्हे.

जुना ग्राहक: बरं, केला रद्द. झालं समाधान? रात्री अर्धा चेहरा दाखवून 'ओळखा हिरो, करा फोन' चालायचं, त्यात आमच्या बाबांनी होल्डवर काढलेल्या पाऊण तासाचं बिल कुठल्या कोर्टाने रद्द केलं? आईने महिनाभर घरात मासे आणले नाहीत.

केबलवाल्याचा शेजारी: लाईव्ह म्हणजे गणपतीत आमच्या केबलवर लागायची ती हाऊजी, तिकिटावरचे आकडे खोडायचा तंबोला. वाण्याकडे दहा रुपयाला तिकीट, ऑपरेटर स्वतः डब्यातून नंबर काढणार, मागून त्याची आई निवडलेली भाजी घेऊन जातेय, आणि फुल हाऊस झालं की पोरगं तिकीट नाचवत सायकल हाणत त्याच्या घरी. तुमच्या डिशसारखं नाही, सर आली की चित्र गायब.

तळकोकणी: हाऊजी म्हणजे जुगारच रे. आणि केबलीचा काय सांगतंस, वायर माडावरसून नेलेली, झावळ पडली काय चार दिस नुसत्यो मुंग्यो.

केबलवाल्याचा शेजारी: मुंग्या परवडल्या. डिशचा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे बारीक लहरींचा, जोराचा पाऊस त्याला गिळतोच, हे कोकणात विकताना सांगितलं का कुणी? आणि जुगार कोण म्हणतंय, तर गोकुळाष्टमीला रात्रभर पत्ते कुटणारे!

तळकोकणी: पत्ते माझ्या पैशान कुटतंय. तुझ्या हाऊजीत फुल हाऊस ऑपरेटराच्या मेव्हण्याक लागलेला. माझी आते तुमच्याच बाजारपेठेत रवता, सगळा म्हायत आसा.

केबलवाल्याचा शेजारी: तोंड सांभाळ. ते तिकीट शाळेच्या मास्तरांनी एकेक आकडा लावून तपासलेलं, आत्येला विचार.

फणसाखालचा: अरे विषय माझा होता! पण एक कबूल, त्या हाऊजीत नंबर सगळ्या वाडीला एकदमच ऐकू जायचा, दादरवाला मध्ये नाहीच. ताई, सासूबाईंना नमस्कार. एकदा त्यांना माझ्या फणसाखाली खेळायला धाडा, श्रावणात.

तळकोकणी: आतेक फोन केलंय. बरा, मेव्हण्याचा मागे घेतंय. पण जल्दी फाईव्हचे, पयले पाच आकडे जुळवणाऱ्याचे, कुकर दोन होते आणि दोनय एकाच घरात गेले, ता मी इसरूचंय नाय.