मदत हवी आहे: फिल्मच्या काळातल्या लेन्स आणि डिजिटल सेन्सर

नमस्कार मंडळी,

बाबांच्या फिल्म एसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) दोन लेन्स माझ्याकडे आल्या आहेत. ५० मिमी एफ/१.८ आणि २८ मिमी एफ/२.८, दोन्ही एम४२, म्हणजे स्क्रू माउंटच्या. अडॅप्टर लावून फुलफ्रेम मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरतोय. फोकसची रिंग हाताने फिरवण्यात जे सुख आहे ते मला नव्या लेन्समध्ये कधी मिळालं नाही, त्यामुळे या लेन्स परत कपाटात जाणार नाहीत, हे आधीच सांगतो.

आता अडचण. ५० मिमी पूर्ण उघडी ठेवली की आभाळासमोरच्या फांद्यांना जांभळी किनार येते. एफ/४ ला बरीचशी जाते, ते चालेल. पण एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान केल्यावर, समोर उजेडाची खिडकी असली की फोटोच्या मधोमध फिकट गोल डाग येतो. अ‍ॅपर्चर उघडलं की डाग गायब. टॉर्च मारून काच पाहिली. बुरशी नाही, ओरखडा नाही. याच लेन्सने बाबांनी काढलेल्या निगेटिव्ह भिंगाखाली तपासल्या. खिडकीसमोरचे फोटो त्यातही आहेत, पण असा डाग एकाही फ्रेमवर नाही.

दुसरं म्हणजे, जुन्या वाइड लेन्सचे कोपरे सेन्सरवर बिघडतात असं वाचलं होतं. माझ्या २८ चे कोपरे एफ/८ ला छान आहेत. हे कसं?

डिजिटलसाठी बनवलेल्या लेन्समध्ये नेमकं काय वेगळं असतं? काचांच्या रचनेत फरक असतो की नुसत्या कोटिंगमध्ये?

प्रतिसाद

तुमची लेन्स ठणठणीत आहे. सेन्सरवरची गुळगुळीत काच उजेड मागे फेकते, तो लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. फिल्म इतकी चकाकत नाही, म्हणून निगेटिव्हवर डाग नाही. नव्या लेन्समध्ये मागच्या काचांनाही चांगलं मल्टिकोटिंग (चकाकी कमी करणारा अनेक थरांचा लेप) देतात ते यासाठीच. एफ/८ च्या पुढे जाऊ नका, उजेड जास्त वाटला तर शटर स्पीड वाढवा.

२८ एसएलआरची आहे म्हणून वाचली. एम४२ मध्ये माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर, मध्ये आरसा. म्हणून वाइड लेन्सची मागची काच दूर राहील अशीच रचना करावी लागायची, आणि कोपऱ्यातही किरण फार तिरके पडत नाहीत. त्रास होतो तो रेंजफाइंडरच्या, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायच्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सचा. लायका एममध्ये हे अंतर २७.८ मिमी आणि आरसा नाही, त्यामुळे काही लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते. फिल्मला तिरका किरण चालतो. सेन्सरवर मात्र आधी फिल्टरची काच, मग प्रत्येक पिक्सेलवर सूक्ष्म भिंग. तिरका किरण तिथे भरकटतो. कोपरे काळवंडतात, रंग बदलतो, तपशील फासल्यासारखे दिसतात. लायकाने २००९ च्या एम९ मध्ये ही काच जेमतेम ०.८ मिमी ठेवली ती याच कारणाने.

जांभळी किनार फिल्मवरही यायची. छोट्या प्रिंटवर ती नजरेत भरत नव्हती, आपण मात्र १०० टक्के झूम करून बघतो.

धागाकर्ता

मनापासून आभार! तीच खिडकी आज एफ/८ ला काढली, डाग नाही. एफ/११ ला पुसटसा दिसायला लागतो. एक शंका: माझ्या अडॅप्टरची आतली भिंत चकचकीत आहे. तिथे काळं मखमली कापड चिकटवून कुणी पाहिलंय का?