ताबेर्नासच्या वाळवंटातील 'वेस्टर्न' चित्रपटांचे सेट : एकच पाहायचा तर कोणता?

प्रश्न : पायवाट
मे महिन्यात आम्ही दक्षिण स्पेनमध्ये ग्रानादाहून आल्मेरियाला मोटारीने जाणार आहोत. वाटेवरच्या ताबेर्नासच्या वाळवंटात 'वेस्टर्न' म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांसाठी उभारलेली तीन गावे पर्यटकांसाठी खुली आहेत; आमच्या हाती मात्र एकच दिवस आहे. सोबत सासूबाई आणि दहा वर्षांचा मुलगा असेल. यजमानांना इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनी यांचे वेस्टर्न चित्रपट अतिशय प्रिय असल्यामुळे, जिथे खरोखर चित्रीकरण झाले तीच जागा पाहण्याची त्यांची इच्छा आहे. काय निवडावे?

प्रतिसाद : जुना प्रेक्षक
ओआसिस मिनीहॉलिवूड निवडावे. लिओनींच्या १९६५ च्या 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'साठी कलादिग्दर्शक कार्लो सिमी यांनी रचलेले एल पासो गाव ते हेच, आणि ज्या बँकेभोवती त्याचे कथानक फिरते ती इमारतही तिथेच आहे. काम संपल्यावर चित्रपटांत एक्स्ट्रा म्हणून वावरलेल्या स्थानिक लोकांनी हा सेट विकत घेऊन जपला, याचे मला फार मोल वाटते. बंदुकांच्या लुटुपुटूच्या चकमकी आणि सलूनमधले नृत्य यांच्या जोडीला प्राणिसंग्रहालय असल्याने मुलाचाही वेळ छान जाईल.

प्रतिसाद : माळरान
मी मात्र फोर्ट ब्राव्हो या दुसऱ्या सेटला जाण्याचा आग्रह धरेन. मिनीहॉलिवूडमधल्या प्राणिसंग्रहालय आणि पोहण्याचे तलाव यांच्या गजबजाटात त्या भूमीचा एकाकीपणा हरवतो, आणि इटालियन निर्माते अमेरिकेच्या नैर्ऋत्येचा भास निर्माण करण्यासाठी इथे आले ते याच भूमीमुळे. (स्पेनमध्ये चित्रीकरण स्वस्तात होत असे, हेही खरेच.) इथे वाळूच्या टेकड्या नाहीत. सिएरा नेवादा आणि आसपासच्या डोंगररांगा पाऊस अडवतात. जो थोडा पडतो तो जोरदार सरींनी मऊ माती कापत नेतो आणि घळी व कोरडे नदीपात्र मागे ठेवतो. फोर्ट ब्राव्होचे लाकडी गाव आणि मेक्सिकन वस्ती या घळींच्या कुशीतच वसलेली आहेत. तिथे लाकडी घरांत मुक्कामाचीही सोय असल्याने, दुपारचे ऊन सासूबाईंना सोसवणार नसेल तर संध्याकाळी पोहोचून तिथेच राहावे.

प्रतिसाद : तिसरी घंटा
यजमानांची आवड लक्षात घेता तिसरे ठिकाण, वेस्टर्न लिओनी, विसरू नये. ते लहान आहे, पण लिओनींच्या १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधले मॅकबेन कुटुंबाचे घर तिथे उभे आहे. त्यांच्याच 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधली गोलाकार दफनभूमी मात्र या परिसरात शोधू नये. ती दूर उत्तरेला, बुर्गोस प्रांतात आहे. त्याऐवजी काबो दे गाता या किनारी भागाच्या बाजूला असलेल्या लोस आल्बारिकोकेस या खेड्यात जावे. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधले अखेरचे द्वंद्व तिथल्या गोल खळ्यावर चित्रित झाले, आणि त्या खळ्यावर उभे राहायला तिकीट लागत नाही.